एका रात्रीत २३ कोंबड्या आणि एक पाट (न व्यालेली तरुण शेळी) गेली, मोकाट कुत्र्यांचं करायचं काय?

माळावरची_सून
१६ नोव्हेंबर, सकाळी ९:१२

नमस्कार. मी इथं नुसती वाचत असते, लिहायची वेळ फारशी येत नाही, पण आज सकाळपासून हातपाय गळालेत आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय बरं वाटणार नाही म्हणून लिहितेय.

आम्ही खटाव तालुक्यात, गावापासून दीड किलोमीटरवर वस्ती आहे, आमचं आणि चुलत दिरांचं अशी दोनच घरं. माझ्याकडं ३४ कोंबड्या होत्या, निम्म्या गावरान आणि निम्म्या गिरिराज जातीच्या, गिरिराजची पिल्लं बचत गटातून कर्ज काढून आणलेली आणि आत्ता कुठं तलंगा (तरुण कोंबड्या) अंड्यावर आल्या होत्या. शिवाय दोन शेळ्या आणि एक पाट. काल शेतीची लाईट रात्रीची होती त्यामुळं हे बारापासून विहिरीवर, घरात मी, सासूबाई आणि पोरगी. तीनच्या सुमाराला टिटवी ओरडत होती, लय ओरडत होती, मी जागी झाले पण वाटलं हेच पाणी बदलायला बांधावरून चाललेत म्हणून ओरडतेय आणि परत झोपले. ते आता मनाला खातंय.

पाच वाजता मागं गेले तर अंगणभर पिसं. जाळी खालून उकरलेली, भगदाड एवढंसंच. २३ कोंबड्या गेल्या, त्यातल्या २१ तिथंच पडलेल्या, दोनच नेलेल्या. खाल्लेलं काही नाही, नुसत्या मारून टाकलेल्या. गोठ्याच्या कोपऱ्यात एक खुडूक बसवलेली होती डालग्याखाली, ११ अंड्यांवर, दोन दिवसात पिल्लं निघणार होती. डालगं उलथं पडलेलं, कोंबडी दारात मरून पडलेली आणि अंडी एकही फुटलेली नाही, होती तशीच गोल मांडलेली, हात लावला तर गार. पाटीची मागची मांडी फाडलेली होती, पोरीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, आठ वाजता ती गेली. मोठ्या शेळीचा एक कान फाटलाय पण ती उभी आहे.

गावरान अंडं आमच्याकडं १२ ते १५ रुपयाला जातं, कोंबडी ५०० ला, हिशोब तुम्हीच करा. पोरीच्या क्लासची फी मी त्यातनं भरते. मला तीन गोष्टी विचारायच्यात. हे कुत्रीच असतील का दुसरं काही? याची भरपाई कुठं मिळते का? आणि दीर म्हणतायत कुत्र्यांना विषारी औषध घालून मोकळं होऊ, मला ते पटत नाही पण दुसरं काय करायचं तेही समजत नाही.


पायथ्याचा_शेतकरी
१६ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

वाचून वाईट वाटलं वहिनी. आम्ही जुन्नरकडचे, इथं उसामुळे बिबट्या रोजचाच, त्यामुळे कुणी मारलं ते ओळखायची सवय झालीय. बिबट्या गळा धरतो, गळ्यावर सुळ्यांची भोकं दिसतात, आणि शिकार शक्यतो ओढत नेतो, अंगणात २१ टाकून जाणार नाही. कोल्हा आला तर एखादी उचलून पळतो. मुंगूस शिरलं तर मान नाहीतर मुंडी धरतं आणि त्याला एवढं उकरायला लागत नाही, तीन बोटं फट पुरते. मागची मांडी, शेपटी, कान फाडलेले आणि खाल्लेलं काही नाही म्हणजे कुत्रीच, आणि एक नाही, दोन-तीन तरी असणार. कोंबडी फडफडली की ते चेकाळतात, एक शांत झाली की दुसरी, भुकेचा संबंध नसतो त्यात. भगदाडापाशी ओल असेल तर पायाचे ठसे बघा, कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, बिबट्याची नखं आत असतात.


जनावरांचा_डॉक्टर
१६ नोव्हेंबर, सकाळी ९:५५

ताई, बाकी सगळं नंतर, आधी जिवंत शेळीचं बघा. कानाची जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने धुवा, साधा कपड्याचा साबण चालेल, घड्याळ लावून १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तेल, मिरची काही लावू नका. धुताना हातात प्लास्टिकची पिशवी तरी घाला. मग आजच्या आज तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा, चावल्यानंतरचा कोर्स असतो, पहिला दिवस, मग ३, ७, १४ आणि २८ वा. लोक एक इंजेक्शन देतात आणि शेळी चरायला लागली की विसरतात, तसं करू नका. मागच्या वर्षी एकांनी दुसऱ्या डोसनंतर सोडून दिलं होतं आणि दीड महिन्याने त्यांची गाय बिघडली.

आणि मुख्य प्रश्न. पाटीला उघड्या हाताने कुणी कुणी हात लावला? पोरीने मांडीवर घेतलं म्हणता, तिच्या हातावर काही खरचटलेलं आहे का?


माळावरची_सून
१६ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

डॉक्टर, पोरीच्या हातावर बोरीच्या काट्याचे ओरखडे आहेत, परवा बोरं काढायला गेली होती. आणि मी तर जखम दाबून धरली होती रक्त थांबावं म्हणून. हे मनातसुद्धा आलं नव्हतं.


जनावरांचा_डॉक्टर
१६ नोव्हेंबर, सकाळी १०:२४

घाबरू नका पण थांबूही नका. दोघींनी हात साबणाने धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, तिथं जसं घडलं तसं सांगा, की कुत्र्याने फाडलेल्या जनावराच्या ताज्या जखमेला हात लागला आणि आमच्या हाताला ओरखडे होते. लस द्यायची का ते तिथले डॉक्टर ठरवतील, सरकारी दवाखान्यात ती फुकट असते, कातडीत टोचायची असली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. या आजाराची लक्षणं दिसायला लागली की मग माणसाला काय जनावराला काय, उपाय राहत नाही, म्हणून आधी धावायचं.

त्या शेळीवर पुढचे दोन-तीन महिने नजर ठेवा. सारखी ओरडायला लागली, लाळ गळायला लागली, खाणंपाणी सोडलं, तर घशात काहीतरी अडकलंय असं समजून तोंडात हात घालू नका. आमच्याकडं येणाऱ्या लोकांची सगळ्यात मोठी चूक हीच असते. दूध कच्चं कुणी पिऊ नका. मेलेल्या कोंबड्या खाऊ नका, विकू नका आणि ओढ्यात तर अजिबात टाकू नका, तीन-चार फूट खड्डा घेऊन चुना टाकून पुरा. बाहेर टाकल्या की तीच कुत्री चटावून परत येतात. आणि येणारच आहेत, दोन-तीन रात्रीत, तेवढ्यात उरलेल्या ११ घरात घ्या.


बोकड_फार्म_इंदापूर
१६ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

ताई तुमची जाळी कुठली होती ते लिहिलं नाही पण बहुतेक ती षटकोनी चिकन जाळी असणार, आपण सगळे तीच घेतो कारण स्वस्त पडते, तर ती कोंबडी आत ठेवायला आहे, कुत्रं बाहेर ठेवायला नाही, मोठं कुत्रं दातानं ती फाडतं, मी डोळ्यानं बघितलंय. माझ्याकडं ४० उस्मानाबादी शेळ्या आहेत आणि सुरवातीच्या वर्षी ६ करडं गेली तेव्हा मी हे सगळं शिकलो. वेल्डमेश घ्या, जाड तारेची, खालचे तीन फूट तरी वेल्डमेश आणि त्याच्या वर तुमची जुनी जाळी चालेल. आता उकरण्याचं, त्यावर पाया खणायचा खर्च करायची गरज नाही, दीड-दोन फूट रुंदीची जाळीची पट्टी घ्या आणि ती भिंतीच्या जाळीला खाली तारेनं शिवून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी अंथरा आणि वर दगड मुरूम टाका, कुत्रं नेहमी कुंपणाच्या बुडाशी येऊन उकरतं, त्याला मागं दोन फूट सरकून उकरायचं सुचत नाही, पंजा जाळीला लागला की सोडून देतं. आमच्या इथं सात वर्षं झाली, एकदाही आत आलं नाही.

दुसरं, खालून तीन फूट जुने पत्रे आडवे मारा. कोंबडी दिसली नाही की कुत्रं तिथं घुटमळत नाही, दिसली की रात्रभर फेऱ्या मारणार. आणि दाराची कडी, नुसता खटका नको, नाकानं ढकलून उघडतात.

झटका मशीन पण चांगलं, सोलरचं, पण आपण डुकरासाठी लावतो तशा उंच तारा कुत्र्याला उपयोगाच्या नाहीत, सगळ्यात खालची तार जमिनीपासून वीतभर आणि दुसरी त्याच्यावर वीतभर, नाकाला बसला पाहिजे. गवत वाढलं की तार जमिनीला लागून झटका मरतो म्हणून खाली साफ ठेवायचं. मेनलाईनची वायर थेट कुंपणाला सोडायची नाही, कितीही राग आला तरी नाही, माणसं मेलीत त्यानं आणि गुन्हा वेगळा.


वऱ्हाडी_कास्तकार
१६ नोव्हेंबर, दुपारी १:३०

ताई, औषधाच्या नादी लागू नका, हात जोडून सांगतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात माझ्या सख्ख्या काकानं हे केलं होतं, त्याचे बी बकरे कुत्र्यानं फाडले होते, म्हणून त्यानं रागाच्या भरात मटणात कालवून धुऱ्यावर (बांधावर) ठेवलं. सकाळी मेलं कोण तर आमचा स्वतःचा शेरू, जो बारा वर्षं राखणीला होता, दोन कावळे, आणि शेजाऱ्याची गाभण म्हैस, ते कागदासकट पाण्यात गेलं आणि तिनं ते पाणी पेलं. ज्या कुत्र्यांनी बकरे मारले ते चौथ्या दिवशी मस्त हिंडत होते. शेजाऱ्याशी आजही बोलणं नाही. काकाला विचारलं काहून केलं तर तो उठून घरात जातो, अजून बी.


पुणेकर_मैत्रीण
१६ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

ताई, तुमच्या दुःखाबद्दल खरंच वाईट वाटतं. मी पुण्यात आमच्या भागातल्या कुत्र्यांना खायला घालते आणि नसबंदीसाठी पकडून देण्याचं काम करते, म्हणून कायद्याचं थोडं लिहिते. विष घालणं हा गुन्हा आहे, नवीन न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा वेगळा लागतो. उचलून दुसरीकडे सोडणंही चालत नाही. २०२३ चे नसबंदीचे नियम सांगतात की स्थानिक संस्थेने कुत्री पकडायची, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून पकडली तिथेच सोडायची, ओळखीसाठी कानाला खूण करायची. आपल्याकडे ही स्थानिक संस्था म्हणजे ग्रामपंचायतसुद्धा. कुत्र्यांचा काही दोष नाही, ती माणसाने वाढवलेली आहेत.


सरळ_बोलतो
१६ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

मॅडम, दोष कुत्र्याचा नाही हे मान्य, मग तो या वहिनींचा आहे का? लांडग्यानं मेंढरू नेलं तर वनखातं पंचनामा करतं आणि बाजारभावाच्या ठराविक टक्क्यानं पैसे देतं. बिबट्या, तरस, कोल्हा, सगळ्याला आहे. कुत्र्यानं मारलं की वनखातं म्हणतं हा वन्यप्राणी नाही, पंचायत म्हणते निधी नाही, पोलीस म्हणतात कुत्र्याचा मालक कोण ते सांगा. मला सांगा मुंबईतल्या सोसायटीत लोक मांजरावरून भांडतात त्याच्या बातम्या होतात, इथं बाईची वर्षाची कमाई एका रात्रीत गेली त्याचा कागद कुठल्या टेबलावर द्यायचा? आमच्या धनगर पाव्हण्यांची पाच मेंढरं वाघरीत, म्हणजे रात्री मेंढरं कोंडायच्या जाळीत, शिरून मारली कुत्र्यांनी, एक पैसा मिळाला नाही. आणि जिथून पकडली तिथंच परत सोडायची म्हणजे खुराड्याच्या दारात परत आणून सोडायची!


पुणेकर_मैत्रीण
१६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:०२

तुमचा राग रास्त आहे आणि भरपाई मिळालीच पाहिजे, यात माझं दुमत नाही. मी हे शहरात बसून लिहितेय याची मला जाणीव आहे. एकच सांगते, सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात पिसाळलेली किंवा आक्रमक कुत्री परत सोडू नयेत असं म्हटलं आहे. ते भटक्या कुत्र्यांचं प्रकरण आधी फक्त दिल्ली आणि परिसराचं होतं, मग सगळ्या राज्यांना त्यात घेतलं. परत ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बस स्टँड अशा ठिकाणची कुत्री उचलून परत तिथे सोडू नका असाही आदेश आला. म्हणजे अर्ज करताना "ही कुत्री जनावरांवर हल्ला करतात" हे तारखेसकट, फोटोसकट लिहिलं तर त्याला वजन आहे. मी अर्जाचा मजकूर लिहून द्यायला तयार आहे.


ऑकलंडहून
१६ नोव्हेंबर, रात्री ८:३०

इकडे न्यूझीलंडमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार कुत्रं मेंढ्यांवर हल्ला करताना सापडलं तर शेतकरी त्याला तिथेच मारू शकतो आणि मालकाला नुकसान भरून द्यावं लागतं. पण इथे प्रत्येक कुत्र्याची कौन्सिलकडे नोंद असते, त्यामुळे मालक सापडतो. माझे आईवडील वाईला असतात, तिथे हे कसं लागू होणार, कुत्र्याच्या गळ्यात पट्टाच नसतो. ताई, गळ्यात पट्टा असलेलं एखादं त्या रात्री होतं का, हे वस्तीवर विचारून बघा.


माळावरची_सून
१७ नोव्हेंबर, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार, एवढी माणसं धावून येतील असं वाटलं नव्हतं. शेळीला पहिलं इंजेक्शन झालं, आम्हा दोघींनाही लस सुरू केलीय. पोरगी रडली नाही, नुसतं विचारत होती की पाटीला आधी नेलं असतं तर वाचली असती का.

ऑकलंडच्या दादांनी विचारलं म्हणून काल दीर आणि हे रात्री गव्हाणीमागं बसले होते बॅटरी घेऊन. एक वाजता तीन कुत्री आली. दोन मोकाट, पण तिसरं, त्याच्या गळ्यात लाल पट्टा. ते आमच्या गावातलंच आहे, दिवसभर मालकाच्या दारात बांधलेलं असतं, शांत, पोरंटोरं त्याच्याशी खेळतात, आणि रात्री सोडतात राखणीसाठी. मालकाला सांगायला गेलो तर ते म्हणाले आमचं कुत्रं असं करणारच नाही. ह्यांनी मोबाईलमधला व्हिडिओ दाखवला मग गप्प झाले.


जुना_मास्तर
१८ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

मी ७१ वर्षांचा आहे, माण तालुक्यातला. वहिनींनी पट्ट्याचं लिहिलं ते वाचून सांगावंसं वाटलं. आमच्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकायची जागा होती, जनावर मेलं की तिथं नेऊन टाकायचे आणि पन्नास-साठ गिधाडं उतरायची, मी शाळेतून येताना उभा राहून बघायचो, दोन-तीन तासात नुसता सांगाडा. ती गिधाडं माझ्या डोळ्यादेखत संपली. नंतर कळलं की जनावरांना सूज-तापासाठी देत होते ते डायक्लोफिनॅक त्या मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची किडनी जायची. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली पण तोवर आकाश मोकळं झालं होतं. ढोरं मरायची काही थांबली नाहीत, मग ती खायला कुत्री आली, आणि गिधाड दिवसा खाऊन उडून जायचं, कुत्रं खाऊन तिथंच विणीला बसतं.

आता ढोरांची जागाही कमी झाली, त्याऐवजी रस्त्याच्या कडेला चिकनच्या दुकानाची आतडी-पिसं, ढाब्याचं उष्टं, मंगल कार्यालयाचं उरलेलं. भाद्रपदात टोळ्या जमतात, कार्तिक-मार्गशीर्षात पिल्लं होतात, आणि त्याच कोंबडीच्या आतड्यावर ती वाढतात. कोंबडीची चव त्याला जन्मापासून आपणच लावतो. वहिनी, तुमच्या वस्तीच्या अलीकडं रस्त्याला असं काही टाकतात का ते बघा.


माळावरची_सून
१८ नोव्हेंबर, दुपारी २:२०

मास्तर, तुम्ही आमच्याकडं येऊन गेल्यासारखं लिहिलंत. फाट्याच्या पुलाखाली दोन दुकानांची पोती रोज रात्री पडतात. आमच्या घरापासून सरळ गेलं तर चारशे पावलं, आज मोजली.


सदस्य_वॉर्ड_तीन
१८ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०

मी एका ग्रामपंचायतीत सदस्य आहे, जिल्हा सांगली. आम्ही हे दोन वर्षांपूर्वी केलं म्हणून सांगतो, तोंडी तक्रार घेऊन जाऊ नका. लेखी अर्ज दोन प्रतीत, एकावर पोच घ्या, सोबत मेलेल्या जनावरांचे फोटो आणि पशुवैद्यकाचा दाखला की मृत्यू कुत्र्याच्या चाव्याने झाला. अर्जाची एक प्रत पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांना. आणि ग्रामसभेत विषय लावून घ्या, बायकांनी जास्तीत जास्त यायचं, गटाच्या सगळ्या बायका आल्या की विषय पुढच्या सभेवर ढकलता येत नाही. आम्ही ठराव तीनच केले. चिकनच्या दुकानांनी कचरा पंचायतीने काढून दिलेल्या खड्ड्यात टाकायचा नाहीतर दुकानाचा नाहरकत दाखला मिळणार नाही. पाळीव कुत्र्याला पट्टा आणि लस, आणि रात्री बांधून. तिसरा नसबंदीचा, तो सगळ्यात अवघड गेला कारण त्यासाठी मान्यता असलेली संस्था लागते, डॉक्टर लागतो, ऑपरेशननंतर चार-पाच दिवस ठेवायला जागा लागते, एकट्या गावाला परवडत नाही. आम्ही शेजारची चार गावं मिळून केलं. ४१ कुत्र्यांची झाली. सगळ्यांची नाही झाली, पण कचरा बंद झाल्याचा फरक नसबंदीच्या आधी दिसला, महिन्याभरात पुलाखालची टोळी पांगली.

एक धोका सांगून ठेवतो, कचरा एकदम बंद झाला की पहिले पंधरा दिवस भुकेली कुत्री वस्त्यांकडे जास्त वळतात. त्याआधी खुराडी पक्की करून घ्या. आमच्याकडं तो क्रम चुकला आणि एका आजींच्या नऊ कोंबड्या गेल्या, आजींनी सभेत उभं राहून आम्हाला सुनावलं आणि त्यांचं बरोबर होतं.


बोकड_फार्म_इंदापूर
१८ नोव्हेंबर, रात्री ९:००

विम्याचं कुणी बोललं नाही. शेळीला १२ अंकी बिल्ला असेल तर विमा होतो, पण पॉलिसी घेताना कुत्र्याचा हल्ला अपघातात धरतात का हे कागदावर बघून घ्या, तोंडी हो म्हणतात आणि नंतर फिरतात, माझ्याबरोबर झालंय. बिल्ला कानात असतो आणि कुत्रं नेमका कान फाडतं, त्यामुळं बिल्ल्याचा नंबर शेळीच्या फोटोसकट मोबाईलमध्ये ठेवा.


सरळ_बोलतो
१९ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

पुणेकर ताई, त्या दिवशी मी जरा जास्त बोललो. अर्जाचा मजकूर इथंच टाका, आमच्या पाव्हण्यांना पण उपयोगी पडेल. आणि मेंढक्यांसाठी सांगतो, रोज जागा बदलणाऱ्याला वेल्डमेश कुठली, पाव्हण्यांनी आता वाघरीच्या बाहेरून हातभर अंतरावर झटक्याची दोरी लावलीय, गुंडाळून घोड्यावर टाकता येते. चार महिने झाले, काही गेलं नाही.


माळावरची_सून
११ जानेवारी, रात्री ८:३५

बरेच दिवस लिहायचं होतं, कांद्याच्या लागणीत वेळ झाला नाही. काय काय झालं ते सांगते.

शेळीचे पाचही डोस झाले, कान वाळला, अर्धा कान गेला पण ती गाभण आहे. आमचेही डोस पूर्ण.

खुराडं इंदापूरच्या दादांनी सांगितलं तसं केलं. वेल्डमेश खाली तीन फूट, बाहेर आडवी पट्टी, त्यावर विहिरीचा जुना मुरूम. पत्रे घरचेच होते. सगळा खर्च ६,८०० आला, निम्मा गटातून घेतला. आठव्या दिवशी सकाळी मुरमावर उकरलेलं दिसलं, तीन ठिकाणी, जाळीपर्यंत येऊन सोडून दिलेलं. मी ते पोरीला दाखवलं, ती बराच वेळ तिथं बसून बघत होती.

लाल पट्ट्याच्या मालकांनी स्वतःहून येऊन २,००० रुपये दिले, मी मागितले नव्हते. त्यांच्या घरच्या म्हातारीनं पाठवलं त्यांना. कुत्रं आता रात्री बांधतात, लांब साखळीवर, अंगणातच. लसही टोचून घेतली.

ग्रामसभेला आम्ही १९ बायका गेलो. कचऱ्याचा ठराव झाला, खड्डा खणलाय, एक दुकान पाळतंय, दुसरं अजून रात्री उशिरा पुलाखाली टाकतंय, त्यांच्याकडं परत जायचंय. नसबंदीवर नुसतं बघू म्हणाले. पुणेकर ताईंचा अर्ज पंचायत समितीला दिलाय, पोच माझ्याकडं आहे, उत्तर नाही. भरपाई शून्य. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढं कुणी हा धागा वाचून वनखात्यात हेलपाटे घालेल, मी घातले दोन.


कुळागरातली
१२ जानेवारी, सकाळी १०:१५

ताई, वाचून खूप धीर आला. मी कुडाळकडची, आमच्याकडे कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात, रात्री खुराड्यात, आणि आमची कुत्री दिवसाच येतात, भर दुपारी. खुराडं पक्कं असून काय उपयोग? सगळं कुळागर (बाग) तर बंद करता येत नाही. आणि तुमच्या जाळीचं भोक किती इंचाचं आहे?


माळावरची_सून
१२ जानेवारी, रात्री ९:०५

भोक एक इंचाचं घेतलं, दोन इंचाचं स्वस्त होतं पण त्यातनं मुंगूस येतं असं दुकानदारानं सांगितलं. दिवसाचा त्रास आम्हालाही होता, मी खुराड्याला लागून १५ बाय २० फुटाचं आवार केलंय, त्याच जाळीचं, सकाळी त्यातच सोडते, अंडी घालून झाली की दहानंतर मी नाहीतर सासूबाई बाहेर असू तेव्हाच मोकळ्या. दुपारी आम्ही जेवायला आत गेलो की परत आवारात. हाक मारून मूठभर मका टाकला की येतात, आठ दिवसात सवय लागली. तुमच्याकडं झाडी जास्त आहे तर आवारात एखादं झुडूप ठेवा, घार आली तर त्यांना लपायला लागतं. आणि दार आतल्या बाजूला उघडणारं करू नका, बाहेर उघडणारं करा, आमचं पहिलं आत उघडायचं आणि धक्क्यानं सैल झालं होतं, आता खाली वर दोन कड्या आहेत. अजून काही लागलं तर विचारा.